पोक्सोचा आरोपी जामिनावर सुटतो तेव्हा: मराठवाड्यातील पालकांनी आणि शिक्षकांनी काय करावे

लहान मुलांवर अत्याचार करणारा माणूस दुसऱ्यांदा पकडला जातो, तेव्हा पहिला खटला पुष्कळदा निकालापर्यंत पोहोचलेलाच नसतो. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाने पुन्हा मुलावर बलात्कार केला, तर तो गुन्हा अधिक गंभीर ठरतो आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 20 वर्षांची शिक्षा आहे; पण त्यासाठी आधीच्या खटल्यात दोष सिद्ध झालेला असावा लागतो. खटला तारखांवर रेंगाळला, साक्षीदार फितूर झाले किंवा गावकीने प्रकरण मिटवले, तर कागदोपत्री तो माणूस कोराच राहतो. म्हणून पहिला खटला तडीस नेणे हेच पुढच्या मुलाचे संरक्षण आहे, आणि खटला कुठे कुठे निसटतो हे कुटुंबाला आधीच माहीत असले पाहिजे.

सुरुवात गुन्हा नोंदवण्यापासून होते. हद्द आमची नाही, असे सांगून कोणतेही पोलीस ठाणे परत पाठवू शकत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवणे त्याचे काम आहे. 2024 मध्ये बदलापूरच्या प्रकरणात पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले होते, त्यामुळे टाळाटाळ होईल असे गृहीत धरूनच जावे. नकार मिळाल्यास तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी, आणि तरीही दाद न मिळाल्यास न्यायालयात अर्ज करावा. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा असतो, आणि पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवायचे असते. ही समिती खटला संपेपर्यंत मुलासोबत राहणारी सहाय्यक व्यक्ती नेमू शकते. तशी मागणी पहिल्याच भेटीत लेखी करावी.

आता एफआयआरच्या प्रतीवरचा पत्त्याचा रकाना नीट पाहावा, कारण मराठवाड्यात खटला पुष्कळदा इथेच निसटतो. बीड, जालना, परभणी, धाराशिव भागातील कुटुंब दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जाते. मूल आजीजवळ किंवा वसतिगृहात राहते. आरोपीचा जामीन अर्ज मात्र हंगाम पाहून येत नाही. पोक्सोच्या जामीन अर्जाची सूचना मुलाच्या कुटुंबाला मिळालीच पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे; पण तांड्यावरच्या कुलूपबंद घराला चिकटवलेली सूचना वाचणार कोण? म्हणून गावात कायम राहणाऱ्या एका विश्वासू माणसाचा पत्ता, त्याचा आणि आईवडिलांचा असे दोन मोबाईल क्रमांक तपास अधिकाऱ्याला अर्जाद्वारे द्यावेत, दुसरी प्रत विशेष सरकारी वकिलांच्या कार्यालयात द्यावी आणि दोन्हींवर शिक्क्यासह पोच घ्यावी. खटल्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे न्यायालयाने प्रत्येक खटल्याला दिलेला स्वतंत्र क्रमांक मिळाला, की ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर पुढची तारीख उसाच्या फडातूनही पाहता येते. मुकादमाने उचल दिलेली असल्यामुळे तारखेला सोडत नाही, ही अडचण खरी आहे. अशा वेळी समन्स दाखवावे आणि तरीही तो ऐकत नसेल, तर सरकारी वकिलांना आधीच कळवावे.

दोषारोपपत्राची मुदतही मोजावी. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार 60 किंवा 90 दिवसांत ते दाखल झाले नाही, तर कोठडीतील आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो, आणि मग गुन्हा कितीही भीषण असो, न्यायाधीशांचा हात बांधलेला राहतो. मुदत संपण्याच्या पंधरवडाभर आधी तपास अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी.

जामिनाच्या सुनावणीत कुटुंबाला बोलण्याचा हक्क आहे. तिथे केवळ विरोध नोंदवून थांबू नये. आरोपी शेजारी राहतो का, त्याच वाटेने मूल शाळेत जाते का, घरात आणखी लहान मुले आहेत का, हे सांगून गावात किंवा तालुक्यात प्रवेशबंदीची अट मागावी. आदेशाची प्रत घ्यावी, कारण ठाण्यातल्या हवालदाराला अट माहीत असेलच असे नाही. अट मोडून आरोपी पाराजवळ दिसला, तर तारीख, वेळ आणि पाहणाऱ्याचे नाव लिहून त्याच दिवशी अर्ज द्यावा. जामीन रद्द करण्याची मागणी याच कागदांवर उभी राहते. आरोपीचा फोटो मात्र गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. तो नातेवाईक किंवा शेजारी असेल तर मूल कोण हे लगेच ओळखू येते, आणि मुलाची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे.

मिटवामिटवीचा दबाव येणारच. समझोता झाला म्हणून अशी प्रकरणे रद्द करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितले आहे. पैसे घेऊन फिरवलेली साक्ष आरोपीला निर्दोष सोडवते एवढेच. शिक्षकांनीही शाळेचे नाव जपण्यासाठी गप्प बसू नये, कारण माहिती असून न कळवणे हा पोक्सोखाली शिक्षापात्र गुन्हा आहे.

शाळा, वसतिगृह, आश्रमशाळा यांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करावी आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करावी, असा 2020 च्या पोक्सो नियमांचा दंडक आहे. पालकसभेत ही प्रमाणपत्रे मागावीत. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 2018 पासून आहे, पण ती फक्त पोलिसांना पाहता येते. त्यामुळे स्वयंपाकी किंवा वाहनचालक आधी कुठे कामाला होता आणि तिथून का गेला, हे संस्थाचालकांनी फोन करून विचारणे प्रमाणपत्राइतकेच महत्त्वाचे आहे.

एवढे करूनही आरोपी निर्दोष सुटला, तर मुलाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात अपील करता येते. त्यासाठी मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. निकालाची प्रमाणित प्रत घेऊन लगेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे आणि अत्याचारपीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेच्या साहाय्याचे काय झाले, तेही तिथेच विचारून घ्यावे.