नाण्याला पाणी लावायच्या आधी काय काय जवळ पाहिजे

जुनं नाणं किंवा टोकन (कंपनी वगैरेने काढलेला नाण्यासारखा बिल्ला) हातात आलं की पहिली इच्छा होते ती अंगठ्याने चोळून बघायची, आणि खरं सांगायचं तर ही सगळी तयारी त्या एका इच्छेला आवर घालायलाच आहे. मातीत वाळूचे कण असतात, वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ (गारेचं खनिज), मोह्सच्या १ ते १० मापावर कडकपणा ७, आणि चांदी-तांबं कुठे तर अडीच-तीनच्या आसपास, म्हणजे चोळलं की आपण त्याच्यावर पॉलिश पेपरच फिरवतोय. म्हणून शोधायला निघतानाच छोट्या झिपलॉक पिशव्या, पेन, वही, खुरपं एवढं घ्या, जमीन ज्याची आहे त्याची परवानगी आधी घ्या, आपल्याकडे सापडलेल्या जुन्या वस्तूंचा कायदा काय आहे तो बघून ठेवा, संरक्षित जागेत तर खणायचंच नाही. काही मिळालं की मातीसकट पिशवीत टाका आणि कुठे, किती खोल, शेजारी काय होतं ते तिथेच लिहा, घरी पोचेपर्यंत निम्मं विसरायला होतं. बटणांच्या डब्यात, जुन्या कपाटाच्या खणात सापडलं तरी हेच, कशासोबत होतं ते लिहायचं.

घरी टेबलावर आधी जाड मऊ टॉवेल अंथरा, फरशीवर पडलं तर कडेला खड्डा पडतो आणि तो जन्मभर राहतो. मग ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्यास मोजायला प्लास्टिकचं कॅलिपर (स्टीलच्याने ओरखडे जातात), १० पटीचं भिंग, लोहचुंबक आणि एक साधा टॉर्च. मला विचाराल तर या सगळ्यात टॉर्च सगळ्यात मोलाचा. खोलीत अंधार करायचा, टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा आणि नाणं सावकाश फिरवायचं, जे वरून बघताना सपाट गुळगुळीत वाटत होतं त्यातून एकेक अक्षर सावली टाकत वर येतं, कधी आकड्याचा नुसता शेपटा दिसतो पण तेवढ्यावरही ओळख पटते. प्रत्येक कोनाचा फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजू आणि कडसुद्धा. एक बाजू सरळ धरून उभ्या आसावर फिरवली की मागची बाजू सरळ येते की उलटी तेही लिहा, ओळखताना उपयोगी पडतं.

धातू कोणता हे रंगावरून ठरवू नका. भांडंभर पाणी काट्यावर ठेवून काटा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात सोडा पण तळाला, भिंतीला टेकू देऊ नका, आणि कोरडं वजन भागिले काट्यावर वाढलेलं वजन करा, ही झाली धातूची घनता. समजा नाणं ११.२० ग्रॅमचं आणि पाण्यात आकडा १.०९ दाखवला, तर उत्तर येतं साधारण १०.२८, शुद्ध चांदी १०.४९ असते म्हणजे ही थोडं तांबं मिसळलेली चांदी असणार. तांबं ८.९६, शिसं ११.३, सोनं १९.३, ॲल्युमिनियम २.७, हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मात्र नाण्यावर रंग, चिकटवलेलं काही किंवा हिरवी पूड दिसली तर ही पाण्यातली चाचणी करायची नाही.

टोकनवर राजाचं नाव नसतं, बहुतेक वेळा किंमतही नसते, त्याऐवजी नुसता क्रमांक, कंपनीची आद्याक्षरं, अडकवायला भोक, नाहीतर नंतर ठोकलेला शिक्का असतो, आणि हेच सगळे पुरावे आहेत. धातूही काळ सांगतो. ॲल्युमिनियम स्वस्तात काढायची पद्धत १८८६ साली निघाली, त्यामुळे ॲल्युमिनियमचं साधं टोकन त्याच्या आधीचं नसणार. नाण्यावर हिजरी (इस्लामी कालगणनेचं) साल असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, म्हणजे १२०३ असेल तर इसवी सन १७८९ च्या आसपास.

आता साफसफाई. माझ्याकडे एक पितळी टोकन होतं, त्यावरच्या खोल आकड्यांत काळं काहीतरी भरलेलं, मी मळ समजून टूथपेस्टने घासून काढलं आणि मग कळलं की तो मुद्दाम भरलेला लाखेसारखा रंग होता, आकडे लांबून वाचता यावेत म्हणून. टोकन चकचकीत झालं पण आकडे आता आडव्या उजेडातही नीट दिसत नाहीत. याचं मला अजून वाईट वाटतं. त्यामुळे टूथपेस्ट, व्हिनेगर, लिंबू, वायर ब्रश, भांडी घासायची पावडर टेबलाच्या जवळपाससुद्धा ठेवू नका.

जवळ ठेवायचं ते डिस्टिल्ड वॉटर, काचेच्या वाट्या (एका वाटीत एकच धातू), टूथपिक आणि धीर. पाण्यात भिजत ठेवायचं, रोज पाणी बदलायचं, माती मऊ झाली की ओल्या टूथपिकने फक्त माती उचलायची, धातू खरवडायचा नाही. जुन्या प्लास्टिकच्या पाकिटामुळे आलेला हिरवट चिकटा आणि टेपचा गोंद शुद्ध ॲसिटोनने जातो, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून लांब, पण सेल्युलॉईडच्या (एक जुनं प्लास्टिक) टोकनला ॲसिटोन लावलं तर टोकनच विरघळेल. शिसं आणि लोखंड भिजवत ठेवायचं नाही. तांब्यावरचा कडक, गुळगुळीत, गडद थर तसाच राहू द्या, तो त्याचं संरक्षण करतो. फिकट हिरवी, भुसभुशीत, नखाने उडणारी पूड मात्र वेगळी गोष्ट, धातूतलं क्लोराईड दमट हवेत आतून खात असतं, असं नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, सिलिका जेलसोबत कोरड्या डबीत ठेवा आणि जाणत्या माणसाला दाखवा.

वाळवताना पुसायचं नाही, मऊ कापडावर टिपायचं, कडेला धरून. ठेवायला पीव्हीसी (तो हिरवट चिकटा आणणारं प्लास्टिक) नसलेली पाकिटं आधीच आणून ठेवा, शिशाचं काही असेल तर लाकडी खणात नको कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाने त्यावर पांढरी पूड धरते. आणि पाकिटात नाणं सरकवायच्या आधीच वर वजन, व्यास, सापडल्याची जागा आणि तारीख लिहून घ्या, नंतर लिहिलं तर पेनाचा दाब नाण्यावर येतो.