खाजेच्या ट्यूबमधलं स्टेरॉइड आणि पातळ होणारी कातडी

दिवसभर द्राक्षबागेत घामाने भिजलेल्या कपड्यांत काम झालं की जांघेत नायटा उठतो. निफाड-दिंडोरीकडे मग मेडिकलमधून नुसती ‘खाजेची ट्यूब’ मागितली जाते. लावण्याआधी ट्यूबवरचे घटक वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव असलं तर ते स्टेरॉइड, मग शेजारी बुरशीचं औषध लिहिलेलं का असेना. नायट्यावर ते नकोच. खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा फिका पडतो आणि बुरशी मात्र पसरत राहते.

स्टेरॉइडमुळे त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळ देणारं प्रथिन, कमी बनवतात आणि कातडी पातळ होते. जांघ, काख आणि चेहरा इथे औषध जास्त शोषलं जातं, घट्ट कपड्याखाली तर आणखीच. जांघेत आधी जांभळट-लाल पट्टे उमटतात, पुढे ते पांढरे होतात. फिके पडले तरी हे पट्टे पूर्ण जात नाहीत. पातळ झालेली कातडी मात्र वेळीच थांबलं तर बरीचशी सावरते.

एक्झिमासाठी (इसबासाठी) डॉक्टरांनीच स्टेरॉइड दिलं असेल तर घाबरून सोडू नका, मोजून लावा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. क्लोबेटासॉल सलग 2 आठवड्यांपेक्षा जास्त नको, चेहऱ्याला तर नाहीच.

गोरं होण्यासाठी महिनोन्‌महिने अशी क्रीम लावली असेल, तर बंद करताच चेहरा लाल होतो, जळजळतो. बहुतेक जण इथेच अडकतात: आग सोसत नाही म्हणून तीच ट्यूब परत लावतात. त्यापेक्षा ती ट्यूब घेऊनच सिव्हिलच्या त्वचा विभागात किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. 2018 पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तेव्हा चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदारावर चिडू नका.

प्रेडनिसोलोनच्या गोळ्या काही आठवडे चालू असतील तर त्या मनाने एकदम थांबवू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करून बसलेलं असतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकने टाचेमागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखावू शकते, क्वचित तुटते. साठीपुढच्यांना आणि सोबत स्टेरॉइड घेणाऱ्यांना हा धोका जास्त. या अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असताना टाचेमागे दुखलं किंवा सूज आली, तर अँटिबायोटिकची पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि तोवर त्या पायावर जोर देऊ नका.