जेंटूवर कंपाइल अडकलं तर लॉग वरून खाली वाचा

इमर्ज (जेंटू लिनक्समध्ये सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बनवून बसवणारी कमांड) बंद पडलं की शेवटच्या ओळीतला 'एरर १' बघून काही कळत नाही; तो फक्त मेकचा (कंपाइलची कामं चालवणाऱ्या टूलचा) निरोप असतो. अनेक कामं समांतर चालू असल्याने खरी चूक बरीच वर गेलेली असते. बिल्ड लॉग उघडा आणि 'एरर' हा शब्द पहिल्यांदा कुठे आलाय ते शोधा. तरीही गोंधळ वाटला तर मेकऑप्ट्समध्ये (मेकच्या सेटिंगमध्ये) जॉब, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, एकवर आणून पुन्हा चालवा. वेळ खाईल, पण लॉग सरळ येतो.

'किल्ड' दिसलं तर सोर्सला दोष देऊ नका, बहुतेकदा रॅम संपलेली असते. डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) खात्री करा, प्रत्येक जॉबमागे साधारण २ जीबी धरा. आणि चूक दरवेळी वेगळ्याच फाइलमध्ये येत असेल, तर आधी मेमटेस्ट लावून रॅम खराब नाही ना ते तपासा.