काही नॅनोसेकंदांचा कोड मोजायचा कसा

आधी ठरवा: डेटा कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत) असतानाची वेळ हवी आहे की नसतानाची? आजच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत एल-१ मधून (कॅशच्या तीन पातळ्यांपैकी सर्वांत लहान आणि वेगवान) वाचायला साधारण ४-५ सायकल, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, लागतात, एल-२ मधून १२-१५, एल-३ मधून ४० किंवा त्याहून जास्त. मुख्य मेमरी गाठावी लागली तर ८०-१०० नॅनोसेकंद, म्हणजे ३ गिगाहर्ट्झवर २४०-३०० सायकल. डेटा कॅशमध्ये असताना आणि नसताना, या दोन्ही स्थितींची मिळून काढलेली सरासरी निरुपयोगी असते.

लिनक्सच्या नेहमीच्या घड्याळ-कॉललाच साधारण २०-३० नॅनोसेकंद जातात. मोजायचा तुकडा त्याहून लहान असेल तर एक्स-८६ वर (इंटेल, एएमडीचे प्रोसेसर) आरडीटीएससी वापरा; ही इन्स्ट्रक्शन प्रोसेसरमधला वेळेचा काउंटर वाचते. पण प्रोसेसर इन्स्ट्रक्शन क्रम सोडून चालवतो, त्यामुळे मोजायचं काम दोन वाचनांच्या बाहेर निसटतं. म्हणून सुरुवातीला एलफेन्स (आधीच्या इन्स्ट्रक्शन संपेपर्यंत पुढच्यांना थांबवणारी इन्स्ट्रक्शन), आरडीटीएससी, पुन्हा एलफेन्स. शेवटी आरडीटीएससीपी (आधीचं काम संपल्यावरच काउंटर वाचणारा तिचा प्रकार) आणि लगेच एलफेन्स. मधे काहीच न ठेवता हीच जोडी मोजून तेवढा खर्च वजा करा.

आधुनिक प्रोसेसरवर हा काउंटर एकाच ठरलेल्या वेगाने चालतो, कोरची फ्रिक्वेन्सी काहीही असो. टर्बो (कोरचा वेग आपोआप वाढवणारी सोय) चालू असताना काउंटरचे टिक म्हणजे कोरचे सायकल नव्हेत, आणि इथेच बहुतेकांचे आकडे बिघडतात. टर्बो बंद करा, गव्हर्नर (कोरची फ्रिक्वेन्सी ठरवणारं लिनक्सचं सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा, टास्कसेट या कमांडने प्रोग्राम एका कोरला बांधा.

उत्तर कुठेच वापरलं नाही तर कंपायलर अख्खा लूप उडवतो. ते व्होलाटाइल व्हेरिएबलमध्ये (ज्यात लिहिणं कंपायलर उडवू शकत नाही) साठवा आणि असेंब्ली उघडून लूप जागेवर आहे ना ते पाहाच. हजारभर वेळा मोजा; इंटरप्ट (प्रोग्राम मधेच थांबवणारी इतर कामं) वेळ वाढवतात, कमी करत नाहीत, म्हणून किमान आकडा धरा आणि शेजारी मध्यक लिहा. दोघांत मोठं अंतर असेल तर मशीन शांत नाही.

आता कॅश. ४ केबीपासून ६४ एमबीपर्यंत दर वेळी दुप्पट होणारा ॲरे घ्या. त्याचे ६४ बाइटचे, म्हणजे एका कॅश लाइनएवढे (कॅशमध्ये एका वेळी येणारा डेटा), तुकडे पाडा आणि प्रत्येकात पुढच्या तुकड्याचा पॉइंटर ठेवा. क्रम रँडम हवा, आणि सगळे तुकडे मिळून एकच वर्तुळ व्हायला हवं; छोटी वर्तुळं झाली तर ॲरेचा थोडाच भाग वाचला जातो. ओळीने वाचलं तर प्रोसेसरमधला प्रीफेचर पुढचा डेटा आधीच आणून ठेवतो आणि मेमरी खोटीच वेगवान दिसते. एका पॉइंटरवरून पुढच्या तुकड्यावर जाणं म्हणजे एक उडी; लाखो उड्यांची एकूण वेळ भागिले उड्या, असं काढा. आलेखात एल-१, एल-२, एल-३ च्या आकारांपाशी पायऱ्या दिसतील.

साधा ॲरे वाचून मोजणार असाल तर आधी त्यात लिहा. लिनक्सवर न लिहिलेली पानं (मेमरीचे सहसा ४ केबीचे तुकडे) वाचली की बहुधा सगळ्यांसाठी शून्यांनी भरलेलं एकच शून्य-पान मिळतं, आणि मोठा ॲरेसुद्धा कॅशमध्ये बसल्यासारखा वागतो.

थंड कॅशसाठी, म्हणजे डेटा कॅशमध्ये नसतानाच्या मापनासाठी, प्रत्येक लाइनवर सीएलफ्लश (ती लाइन कॅशमधून काढणारी इन्स्ट्रक्शन), मग एमफेन्स (ते काम पूर्ण होईपर्यंत थांबवणारी), मग मापन.

आलेखातली पायरी भलत्याच आकाराला आली तर पर्फ स्टॅट या लिनक्स कमांडने कॅश मिस (डेटा कॅशमध्ये न सापडणं) आणि टीएलबी मिस (पानांचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या छोट्या तक्त्यात पत्ता न सापडणं) दोन्ही मोजा. टीएलबी मिस वाढलेले दिसले तर ४ केबीऐवजी २ एमबीची पानं वापरून तीच चाचणी पुन्हा चालवा.