डूम इटर्नल खेळताना गोळ्या कशा पुरवाव्यात आणि चिडचिड कशी टाळावी

2016 साली आलेला ‘डूम’ हा राक्षसांशी बंदुकांनी लढण्याचा व्हिडिओ गेम ज्यांनी मनापासून खेळला, त्यांना 20 मार्च 2020 रोजी प्रकाशित झालेला त्याचा पुढचा भाग, ‘डूम इटर्नल’, पहिल्या एक-दोन तासांत बहुधा आवडत नाही. आधीच्या भागात एखादी आवडती बंदूक हाती धरून बराचसा खेळ पार पाडता येत असे. येथे मात्र शॉटगनमध्ये सुरुवातीला अवघी 16 काडतुसे मावतात आणि ती संपेपर्यंत समोरचा जमाव निम्मासुद्धा झालेला नसतो. गोळ्या पुरत नाहीत ही तक्रार म्हणूनच सर्वाधिक ऐकू येते. परंतु ही टंचाई गेम बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने जाणीवपूर्वक घातलेली आहे. गोळ्या जपून वापरण्याची सवय सोडून, त्या मुक्तहस्ताने उडवून शत्रूकडूनच पुन्हा मिळवण्याची सवय लावून घेतली, तर हा गेम खुलतो.

त्यासाठी तीन क्रिया अंगवळणी पाडाव्या लागतात. चेनसॉने, म्हणजे इंधनावर चालणाऱ्या साखळी-करवतीने, शत्रू कापला की गोळ्या मिळतात. अर्धमेला होऊन निळा चमकू लागलेला शत्रू जवळ जाऊन ग्लोरी किलने, म्हणजे हातघाईच्या अखेरच्या वाराने, संपवला की हेल्थ (आपली जीवनशक्ती) मिळते. आणि खांद्यावरच्या फ्लेम बेल्च या आग ओकणाऱ्या यंत्राने पेटवलेल्या शत्रूवर मारा केला की त्याच्या अंगातून चिलखताचे तुकडे गळू लागतात. क्रमाला येथे फार महत्त्व आहे. गर्दीत शिरताच प्रथम आग ओकावी आणि मग गोळीबार करावा, कारण मेलेल्या शत्रूला पेटवून काहीही मिळत नाही. चेनसॉचे इंधन तीन खणांत साठते, परंतु आपोआप भरतो तो पहिला खणच, आणि लहानसहान शत्रूला कापायला तेवढा एक खण पुरतो. त्यामुळे झाँबी किंवा इम्प यांच्यासारखे किरकोळ शत्रू दिसताक्षणी साफ करून टाकण्याचा मोह आवरावा. मोठे शत्रू जिवंत असेपर्यंत रिंगणात (लढाईच्या बंदिस्त जागेत) हे किरकोळ शत्रू बहुतेक वेळा पुन्हा पुन्हा येत राहतात, ते आपली रसद म्हणूनच. गोळ्या पूर्ण संपण्याची वाट न पाहता, पहिला खण भरला की चेनसॉ चालवावी. भरलेला खण तसाच ठेवून लढत राहणे हा शुद्ध अपव्यय आहे.

दुसरी गोष्ट शस्त्रांच्या अदलाबदलीची. मोठ्या शत्रूंपैकी अनेकांचे एखादे मर्मस्थान असते आणि त्यावर चालणारे विशिष्ट शस्त्र असते. अरॅकनोट्रॉनच्या पाठीवरची तोफ, रेव्हेनंटच्या खांद्यावरची क्षेपणास्त्रे आणि मॅनक्युबसच्या हातांतल्या तोफा हेवी कॅनन या बंदुकीच्या प्रिसिजन बोल्टने (नेम धरून केलेल्या अचूक माऱ्याने) फोडता येतात. कॅकोडीमन तोंड उघडतो तेव्हा त्यात शॉटगनचा स्टिकी बॉम्ब किंवा साधा ग्रेनेड टाकला की तो तत्काळ ग्लोरी किलच्या अवस्थेत येतो. ढाल घेतलेल्या सैनिकांवर प्लाझ्मा रायफल चालवावी. ढाल फुटताना आजूबाजूच्यांनाही इजा करते. रिंगणात पाऊल टाकल्यावर कोणाला आधी मारायचे, यापेक्षा कोणाची तोफ आधी निकामी करायची याचा विचार करावा. अरॅकनोट्रॉनपासून सुरुवात करणे मला सर्वांत फायद्याचे वाटते, कारण दूरवरून अखंड मारा करून तो आपल्याला एका जागी क्षणभरही श्वास घेऊ देत नाही. शस्त्रे निवडण्याचे चक्र उघडले की वेळ मंदावतो, म्हणून नवख्या खेळाडूने त्याचा संकोच न करता वापर करावा. की-बोर्डवर खेळणाऱ्यांनी मात्र प्रमुख शस्त्रांची बटणे बोटांच्या सहज टप्प्यात आणून ठेवावीत, कारण मूळ मांडणीत लढाईच्या घाईत दूरच्या अंकांपर्यंत पोहोचता येत नाही.

मरॉडर या शत्रूवरून खेळाडूंत तट पडले आहेत. आर्क कॉम्प्लेक्स या टप्प्यात तो प्रथम समोर येतो आणि तोवर शिकलेले बहुतेक सारे निरुपयोगी ठरवतो. फार जवळ गेलो तर तो शॉटगन चालवतो, फार दूर गेलो तर कुऱ्हाडीचे तेजस्वी वार फेकतो, आणि इतर वेळी झाडलेल्या गोळ्या, अगदी बीएफजी या सर्वांत जबर बंदुकीचा माराही, ढालीवर झेलतो. त्याच्याशी मध्यम अंतर राखावे लागते. त्या अंतरावर तो कुऱ्हाड उगारून येतो तेव्हा त्याचे डोळे हिरवे चमकतात. तेवढ्या क्षणातच त्याला जखम होते. त्या क्षणी सुपर शॉटगन झाडावी, लगेच बॅलिस्टा या दुसऱ्या शस्त्रावर जाऊन दुसरा वार करावा, आणि हात बसला असेल तर पुन्हा सुपर शॉटगनवर यावे. त्याने सोडलेला भुताटकीचा लांडगा शॉटगनच्या एका फैरीत मरतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये. आधी इतर मोठे शत्रू संपवावेत, एक-दोन झाँबी रसदीसाठी राखावेत आणि मगच मरॉडरकडे वळावे. एकट्याशी गाठ असली तर हे द्वंद्व खरोखर चुरशीचे होते. गर्दीच्या मधोमध तो आला की मात्र साऱ्या खेळाची लय थांबवून आपल्याला त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहावे लागते, आणि येथे तक्रार करणाऱ्यांची बाजू मला पटते.

कड्यांवरून उड्या मारण्याचे भाग आणि जांभळा चिकट द्रव यांच्याबाबतीत एवढेच सांगता येईल की ते उरकून घ्यावेत. उडी चुकून खाली पडल्यास जीव जात नाही, थोडी हेल्थ वजा होऊन आपण जवळच परत येतो. त्यामुळे उडी मारताना बिचकू नये. एअर कंट्रोल हा रून (खेळाडूला जादा क्षमता देणारे चिन्ह) लावल्यास हवेत दिशा बदलणे सोपे जाते. जांभळ्या द्रवात मात्र धड पळता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. ज्या गेमचे सारे वैभव वेगात आहे, त्यात ही कल्पना कोणाला सुचली असेल, असा प्रश्न पडतो.

सुधारणांचे पर्याय गरजेपेक्षा जास्त आहेत, आणि आरंभी त्यांच्या माहितीच्या खिडक्या सतत खेळ अडवतात. त्या सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करता येतात, पण पहिले काही टप्पे वाचून झाल्यावरच बंद कराव्यात. सेंटिनल क्रिस्टल, म्हणजे आपली क्षमता वाढवणारे स्फटिक, मिळतील तसे ते प्रथम गोळ्यांची क्षमता वाढवण्यासाठी वापरावेत. शॉटगनची मर्यादा 16 वरून 24 पर्यंत जाते आणि चेनसॉच्या दोन फेऱ्यांमधला ताण स्पष्टपणे कमी होतो. सुपर शॉटगनच्या मीट हूकची (शत्रूकडे खेचून नेणाऱ्या आकड्याची) मास्टरी, म्हणजे शेवटची सुधारणा, लवकर पूर्ण करावी, कारण त्यानंतर हूक लागलेला शत्रू पेट घेतो आणि त्याच्याकडे झेपावतानाच चिलखत मिळू लागते. लपवलेल्या वस्तूंसाठी प्रत्येक कोपरा धुंडाळण्याची आवश्यकता नाही; टप्प्याच्या शेवटाकडे फास्ट ट्रॅव्हल खुले होते, तेव्हा राहिलेले सावकाश गोळा करता येते.

काठिण्यपातळी मोहिमेच्या मध्येही बदलता येते. एकाच ठिकाणी वारंवार मरण आल्यास गेम सेंटिनल आर्मर देऊ करतो, त्याने होणारी इजा कमी होते. ते घेण्यात कमीपणा नाही. ‘द एन्शंट गॉड्स’ ही दोन भागांतली पुरवणी मात्र मुख्य मोहीम पूर्ण करून, शस्त्रे पुरती वाढवल्यावरच सुरू करावी. तिच्यात शत्रूच्या अंगात शिरणारे स्पिरिट येतात आणि ते केवळ प्लाझ्मा रायफलच्या मायक्रोवेव्ह बीमनेच नष्ट होतात. हा मॉड, म्हणजे बंदुकीला लावायचा जोड, मुख्य मोहिमेत अनेक जण हातही न लावता सोडून देतात. तो आधीच्या एखाद्या सोप्या टप्प्यात परत जाऊन, बीम रोखून धरताना आपली गती किती मंदावते हे लक्षात येईपर्यंत वापरून पाहावा.