बॅकअपची फाइल रोज बनते, पण उघडते का? कमांड-लाइन पाइपमधल्या या चुका टाळा

रावेरची केळीची गाडीबिलं असोत, नंदुरबारच्या मिरचीच्या पट्ट्या असोत की जळगावच्या जिनिंगमधल्या काटापावत्या. हिशेब लिनक्स सर्व्हरवर असेल तर रात्रीचा बॅकअप बहुतेक एका ओळीत उरकलेला असतो. मायएसक्यूएलडम्प डेटाबेस वाचतो, पाइप तो मजकूर जीझिपकडे देतो आणि जीझिप दाबून फाइलीत लिहितो. ओळ छोटी असल्यामुळे तिच्यातली खोट लवकर दिसत नाही. (खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा.)

20 बाइटची फाइल

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला, तर मायएसक्यूएलडम्प लगेच थांबतो. जीझिपच्या हाती काहीच येत नाही, तरी तो रिकाम्या मजकुराची नियमात बसणारी 20 बाइटची फाइल बनवतो आणि 'काम झालं' म्हणून शून्य परत करतो. शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) पाइपमधल्या फक्त शेवटच्या कमांडचा निकाल धरतं, म्हणून बॅकअप यशस्वी ठरतो.

उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'सेट डॅश ओ पाइपफेल' लिहा. मग पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी पूर्ण ओळ फसली असं धरलं जातं. हे बॅश या शेलमध्ये चालतं, पण ठरल्या वेळी कमांड चालवणारा क्रॉन एरवी एसएच हे साधं शेल वापरतो. त्यामुळे पूर्ण पाइप क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीत) कोंबू नका. बॅश स्क्रिप्ट वेगळी ठेवा आणि क्रॉनमधून तिला बोलवा. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हालाही वेगळा अर्थ आहे. फाइलच्या नावात तारीख घालायला ते तसंच लिहिलं, तर कमांड तिथेच तुटते.

पाइपफेल लावल्यावर 'झेडकॅट पाइप हेड' (फाइल उलगडून सुरुवातीच्या ओळी बघणं) कधीकधी 141 हा चुकीचा आकडा परत करतं. हेडला हव्या तेवढ्या ओळी मिळाल्या, त्याने पाइप बंद केला, एवढाच त्याचा अर्थ. फाइल खराब झालेली नसते.

जीझिप डॅश टी पुरेसं नाही

डॅश टी फक्त दाबलेला डेटा शाबूत आहे का ते बघतो. मायएसक्यूएलडम्प निम्म्यावर मेला तरी जीझिप आलेला मजकूर नीट बंद करतो आणि चाचणी पास होते. म्हणून झेडकॅटने फाइल उलगडून 'टेल डॅश एन 1' ने शेवटची ओळ बघा. डम्पमधल्या (त्याने काढलेल्या मजकुरातल्या) टिप्पण्या बंद केल्या नसतील, तर तिथे 'डम्प कम्प्लीटेड' असायलाच हवं.

मधेच लाइट गेली आणि यूपीएसने दम सोडला, तर फाइल अर्धवट राहते आणि उघडताना 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल' येतं. बॅकअप आधी तात्पुरत्या नावाने लिहा. दोन्ही तपासण्या पास झाल्यावरच, त्याच डिस्कवर, एमव्ही या नाव बदलणाऱ्या कमांडने खरं नाव द्या. कालची चांगली फाइल तोवर हलवू नका.

एररचा मजकूर डम्पमध्ये

पाइपच्या आधी '2>&1' लिहिलं की मायएसक्यूएलडम्पचे इशारे डेटासोबतच दाबले जातात. पासवर्ड कमांडमध्येच दिला असेल, तर त्याबद्दलचा इशारा डम्पमध्ये घुसतो आणि रिस्टोअर करताना (बॅकअप परत भरताना) सिंटॅक्स एरर येते. एरर वेगळ्या लॉगमध्ये पाठवा. पासवर्ड 600 परवानगीच्या (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणाऱ्या) कॉन्फिग फाइलीत ठेवा.

फाइल हातची जाते ती अशी

झेडकॅटने फाइल उलगडून, सेड कमांडने मजकूर बदलून, जीझिपने त्याच नावावर परत लिहू नका. शेल '>' बघताच ती फाइल आधी रिकामी करतं. नुसतं 'जीझिप फाइल' लिहिलं तर मूळ फाइल जाते. ती हवी असेल तर डॅश के द्या. अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या टारमध्ये 'सीझेडएफ' हाच क्रम ठेवा. डॅश लावून 'सीएफझेड' लिहिलंत, तर 'झेड' नावाचीच फाइल तयार होते. दुसऱ्या सर्व्हरवरून दाबलेला डेटा आणताना एसएसएच या दूरच्या सर्व्हरला जोडणाऱ्या कमांडला डॅश टी देऊ नका, ओळीअखेरची चिन्हं बदलून फाइल बिघडते.

किती दाबायचं

जीझिपची नेहमीची पातळी 6 असते आणि ती रोजच्या बॅकअपला पुरते. एक्सझेड या दुसऱ्या दाबणाऱ्या प्रोग्रामला डॅश 9 पातळीवर दाबतानाच सुमारे 674 एमबी मेमरी लागते, 1 जीबीच्या सर्व्हरवर डेटाबेसचीच पंचाईत होईल. जागा वाचवायची असेल तर झेडएसटीडी हा दाबणारा प्रोग्राम वापरून बघा. पावत्यांचे जेपीईजी फोटो आधीच दाबलेले असतात, त्यांना पुन्हा दाबण्यात फक्त प्रोसेसर तापतो.

महिन्यातून एकदा बॅकअप रिकाम्या डेटाबेसमध्ये भरा आणि शेवटच्या पावतीचा नंबर चालू डेटाशी जुळवून बघा.