ग्रामसभेला जाताय? नुसतं बोलू नका, ठरावात लिहून घ्या

गावच्या ग्रामसभेत मी पहिल्यांदा उभा राहिलो ते गटारीवर बोलायला, चांगली वीस मिनिटं बोललो, आवाज चढवून, मागनं दोघं-तिघं "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत होते, सरपंचांनीही मान डोलावली, म्हटलं झालं आपलं काम. दोन-अडीच महिन्यांनी प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीची, नक्कल काढली तर त्यात एवढीच ओळ, "गटारीबाबत चर्चा झाली." आता चर्चा झाली म्हणजे काय, तर काहीच झालं नाही. ठराव नाही, ठरावाला नंबर नाही, पैसे कुठल्या निधीतनं ते नाही. तेव्हापासून जे शिकलो ते सांगतो, गावात राहणाऱ्यांच्या उपयोगाचं आहे, शहरवाल्यांना ग्रामसभा नसते त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल.

आधी बसायचा हक्क. गावच्या मतदार यादीत नाव आहे ना, मग तुम्ही ग्रामसभेचे सदस्य, कुणी बोलवायची वाट बघायची नाही. घरपट्टी थकलीय म्हणून गप्प बस असं कुणी म्हणालं तर सरळ सांगा की सदस्यत्व मतदार यादीवर असतं, पट्टीच्या पावतीवर नाही. नोकरीसाठी बाहेर राहणारी पोरं पण, नाव गावात असेल तर येऊ शकतात, बोलू शकतात.

महाराष्ट्रात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि त्या नाही घेतल्या तर सरपंचाचं पद जाऊ शकतं, त्यामुळे सभा कागदावर तरी होतेच होते. बहुतेक गावात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा धरलेल्या असतात, कधी चार-आठ दिवस पुढं-मागं होतं. नोटीस सात दिवस आधी लागते. ती ग्रामपंचायतीच्या बोर्डावर असते, कुठं दवंडी देतात, हल्ली व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकतात. तो फोटो नुसता अंगठा देऊन सोडू नका, झूम करून विषय वाचा. शेवटचा विषय ठरलेला, "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय". तुमचा प्रश्न या ऐनवेळच्या विषयात ढकलला गेला की समजा मेला, कारण तोवर दुपार झालेली असते, निम्मी माणसं उठलेली असतात आणि उरलेली चहाकडं बघत असतात.

म्हणून अर्ज आधी द्यायचा, नोटीस निघायच्याही आधी. नोटीस निघाल्यावर दिला तर "विषयपत्रिका झाली, पुढच्या सभेत घेऊ" हे उत्तर तयार असतं. अर्ज लांबलचक नको. मी लिहितो तो असा, "येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत पुढील विषय घ्यावा: वॉर्ड क्रमांक 2 मधील शाळेपासून ओढ्यापर्यंतची उघडी गटार बंदिस्त करणे व त्याचा समावेश ग्रामपंचायत विकास आराखड्यात करणे." खाली पाच-दहा जणांच्या सह्या, शक्यतो त्याच गल्लीतल्या, त्यात बायकांच्या असल्या तर फारच चांगलं. दोन प्रती काढायच्या, एक ग्रामसेवकाकडं द्यायची (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण तोंडात अजून ग्रामसेवकच आहे) आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. पोहोच दिल्याशिवाय हलायचं नाही. "राहू द्या हो, माझ्या लक्षात आहे" असं म्हणतील, हसून म्हणायचं साहेब लक्षात तुमच्या आहे, माझ्या राहत नाही.

आता कोरमचं बघा, म्हणजे सभा चालायला किमान किती माणसं लागतात ते, खरी गंमत इथंच आहे. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. म्हणजे 400 मतदारांच्या गावाला 60 आणि 2000 च्या गावाला 100. तेवढी नाही जमली तर सभा तहकूब, आणि तहकूब झालेली सभा परत घेतली की तिला कोरमच लागत नाही! लोक काय समजतात, की आपण गेलो नाही तर सभाच होणार नाही. होते. उलट दहा-बारा माणसांत होते आणि त्यात घरकुलाची यादीसुद्धा मंजूर होऊन जाते. तेव्हा तहकूब सभेची तारीख विचारून घ्या आणि तिला पहिल्या सभेपेक्षा जास्त माणसं घेऊन जा. बहिष्कार वगैरे मी तरी कुणाला सुचवत नाही, फायदा फक्त समोरच्याचा होतो.

बायकांसाठी एक वेगळं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे, बऱ्याच ठिकाणी ती नुसत्या सह्यांवर उरकतात. बचत गटातल्या चार जणींनी ठरवून ती मागितली तर घ्यावी लागते. पाण्याची वेळ, शाळेतलं संडास, दिवाबत्ती हे विषय तिथं नीट निघतात कारण तिथं कुणाचा सासरा समोर बसलेला नसतो.

पैशाची तयारी मोबाईलवर होते. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपली ग्रामपंचायत शोधली की वर्षाचा आराखडा आणि कुठल्या कामावर किती खर्च टाकलाय ते दिसतं. पहिल्यांदा डोकं फिरतं, पण बंधित आणि अबंधित एवढं कळलं तरी पुरे. बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा असतो, अबंधित गावाच्या इतर गरजांना. त्यामुळे "निधी नाही" म्हणाले की विचारा, कुठला नाही, बंधित का अबंधित? हा प्रश्न विचारल्यावर सभेत जी शांतता होते ती अनुभवण्यासारखी असते. आर्थिक वर्षातल्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचे शेरे मांडायचे असतात, ते वाचून दाखवा म्हणून मागणी करा. आणि पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण 2 ऑक्टोबरच्या आसपासच्या सभांमधून ठरतो, नवीन काम पाहिजे असेल तर तेव्हाच बोलायचं, मार्चमध्ये बोलून उपयोग नाही.

सभेच्या दिवशी दोन मिनिटांत बोलायचं. जुनं भांडण, भावकी, मागच्या निवडणुकीत कोण कुठं होतं, यातला एक शब्द निघाला की तुमचा विषय गेला, समोरच्याला तेच पाहिजे असतं. विषय सांगा, अर्जाचा आवक नंबर सांगा आणि लगेच म्हणा, "याचा ठराव घ्या, सूचक मी, अनुमोदक हे." अनुमोदक आधीच तयार करून शेजारी बसवायचा, सभेत शोधायला गेलात तर सगळे जमिनीकडं बघतात. मग ठराव लिहून झाला की तो मोठ्यानं वाचायला लावायचा. "सर्वानुमते मंजूर" का "चर्चा झाली", काम कुठलं, कुठून कुठपर्यंत, एवढं कानानं ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

हजेरीच्या रजिस्टरचं पण सांगतो. काही ठिकाणी शिपाई सभेनंतर घरोघरी रजिस्टर फिरवतो, लोक ओट्यावर बसून सही देतात. अशी सही देऊ नका, तुम्ही न ऐकलेल्या ठरावाला तुमची हजेरी लागते. सभेत सही करताना शेवटच्या नावाखाली मोकळ्या ओळी असतील तर सभा संपताना तिथं आडवी रेघ मारून घ्या. मी मारायला लावली तेव्हा ग्रामसेवक चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण मारली.

मग आठवडाभरानं प्रोसिडिंगची नक्कल मागायची, तोंडी मागून दिली तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "सगळी माहिती द्या" लिहू नका, अमुक तारखेच्या ग्रामसभेचं इतिवृत्त आणि हजेरीची प्रत, एवढंच. नकलेत ठराव बदललेला दिसला तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार, सोबत अर्जाची पोहोच जोडायची. पोहोच असली की बोलणं वेगळं होतं, नसली की गावचं राजकारण म्हणून सोडून देतात.

आमची गटार दुसऱ्या खेपेला ठरावात आली, आराखड्यात आली, शाळेपासून देवळापर्यंत झाली पण. देवळापासून ओढ्यापर्यंतची राहिलीय, तिचा अर्ज परवाच देऊन आलो, पोहोच घरात कपाटाच्या आतल्या दाराला चिकटवलीय.